आठ फळ्यांचं दार

धाकट्या जावेचं शिवणकाम मागच्या अर्ध्या घरात चालायचं. तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागे. बाल्कनी, रस्ता, ऊन सगळं पुढच्या अर्ध्यात, थोरल्या जावेकडे. मध्ये भिंत. ये-जा जिन्यावरून वळसा घालून.

त्या भिंतीचे पोपडे निघाले म्हणून धाकटी रंग खरवडायला बसली. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पांढरा, मग पिवळा. आणि पिवळ्याखाली चक्क लाकूड!

"काय गं, भिंत पोखरतेस की काय?" पलीकडून थोरली ओरडली.

"ताई, भिंत कुठली! इथे बिजागरी आहे!"

थोरली वळसा घालून धावत आली. मागोमाग सासरे काठी टेकत आले. त्यांनी रंगांवरून बोट फिरवलं. "निळा आपला. हिरवा आपल्या आधीच्या बिऱ्हाडाचा. पांढरा दवाखान्याचा, इथे एक डॉक्टरीणबाई राहायच्या. पिवळा त्यांच्याही आधीचा, तेव्हा इथे नाचाची शाळा होती म्हणतात. दोन्ही अर्धे मिळून एवढा मोठा दिवाणखाना त्याशिवाय कोण बांधेल?"

दोघा भावांनी मात्र नाकं मुरडली. "उगाच नसता उद्योग," थोरला म्हणाला. "घर डोक्यावर येईल," धाकट्याने री ओढली.

जावांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. नवरे कामावर गेले की एक अलीकडून खरवडे, दुसरी पलीकडून. नखं गेली, केस पांढरे झाले धुळीने. मधूनच भिंतीआडून गप्पा, मधूनच भांडण. शिलाई मशीनचं तेल बिजागऱ्यांना पाजलं.

रविवारी सगळे घरात असताना थोरलीने पदर खोचला. "तू ओढ, मी ढकलते!"

दार हललं नाही. दोघींनी पुन्हा जोर लावला. करकरत पहिली फळी दुमडली, मग दुसरी, आणि मग आठही फळ्या एकीवर एक बसत गेल्या. बाल्कनीतलं ऊन सरळ मागच्या स्वयंपाकघरापर्यंत घुसलं. दोन्ही भाऊ डोळे चोळत समोरासमोर उभे.

"बघा," थोरली धापा टाकत म्हणाली, "तुम्ही दोघे इतकी वर्षं बंद दाराला पाठ लावून जेवताय!"

सासरे खो खो हसले. थोरल्याला मान खाली घालून धाकटीचं मशीन उचलावंच लागलं. "कुठे ठेवू, बोल," तो भावजयीला म्हणाला.

"बाल्कनीच्या तोंडाशी," धाकटी म्हणाली. मग ती चुलीपासून निघाली आणि ताठ मानेने सरळ रेषेत थेट कठड्यापर्यंत चालत गेली. खाली रस्त्यावरच्या ओळखीच्या बाईला तिने मोठ्याने हाक मारली, "अहो, वर या, आमचं घर बघायला!"