हाडांची पेटी

परीक्षा तोंडावर आली की कॉलेजचं वाचनालय एकदम मायाळू होतं. एरवी नुसत्या डोळ्यांनी गप्प करणाऱ्या ग्रंथपालबाई दारात चहाची किटली ठेवतात, कानात घालायला कापसाचे बोळे देतात, व्हरांड्यातसुद्धा टेबलं मांडतात. सुट्टी लागायच्या दिवशी तर एरवी कपाटाबाहेर न जाणाऱ्या वस्तूही घरी न्यायला मिळतात. तान्ह्या बाळाला पाजायचं कुठे, एवढंच कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

आज रांगेत एका तान्ह्या बाळाची आई उभी होती. तिला हवी होती हाताच्या हाडांची पेटी. हाडं प्लॅस्टिकचीच, पण हुबेहूब. फिजिओथेरपीच्या तोंडी परीक्षेत कापडी पिशवीत एकेक हाड घालून पुढे करतात आणि न बघता, नुसतं चाचपून सांगायचं असतं, कुठलं, डाव्या हाताचं की उजव्या. फोटो बघून ते जमत नाही, बोटांनाच कळावं लागतं. मागच्या खेपेला पोट सांभाळत गेली होती, मनगटाच्या हाडांशी अडली आणि नापास झाली. सुट्टी संपली की दुसऱ्याच दिवशी परीक्षा. या वेळी गाडं अडलं तर कॉलेजचं नाव काढायचं नाही, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. "एकदा बसू दे तिला. पोरीला मी बघते," एवढं बोलून सासूबाईंनी विषय मिटवला होता, आणि बोलल्याप्रमाणे त्या आज बाळाला घेऊन रांगेत तिच्याशेजारी उभ्या होत्या.

"काकू, तुम्ही कुठल्या वर्षाला?" मागच्या एका मुलाने सासूबाईंना विचारलं.

"तुझ्या आजीच्या वर्गात होते रे. ती पास झाली, मी अजून इथेच!"

रांग खुदकन हसली, आणि त्या हसण्याने सासूबाईंच्या खांद्यावर झोपलेली ठमी दचकून जागी झाली. ओठ काढले, मग गळा काढला. तो आवाज कानावर पडताच तिचा ब्लाउज दुधाने ओला झाला.

"जा, पाजून ये," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे ना उभी. कार्ड दे इकडे."

"आई, हाताची पेटी मागा हं. हाताची."

"अगं, कळलं! लहान पोराला लोणी आणायला पाठवल्यासारखी काय सांगतेस!"

झेरॉक्सच्या खोलीत, गरम यंत्राला पाठ टेकून तिने पोरीला पदराखाली घेतलं. ठमी दोन घोट प्यायची, थांबायची, यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे टकामका बघायची. "पी गं बाई, पी लवकर," ती कुजबुजत राहिली. घाई पोरीला कळते, मग ती अधिकच सावकाश पिते.

ती परतली तेव्हा सासूबाई खिडकीपाशी पोचल्या होत्या. हात रिकामे.

"संपली म्हणतात," त्या म्हणाल्या. "असं कसं संपेल? आत्ता माझ्यासमोर त्या पोरीला दिली की!"

"कुठल्या पोरीला?"

"मागे होती ना, रडत होती बिचारी. गाडी सुटेल म्हणाली, गाव लांब आहे. म्हटलं जा बाई पुढे, आम्हाला काय घाई आहे."

ग्रंथपालबाईंनी चष्मा वर सरकवला. "एकच उरली होती. मला काय माहीत, या कशासाठी उभ्या आहेत ते? आणि ती गेलीसुद्धा." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "पुस्तकं ने ना. सुट्टीत बंधन नाही, हवी तेवढी ने."

सासूबाई एकदा तिच्याकडे, एकदा खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "एकच होती?" त्यांनी विचारलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ज्या बाईने घरात तिच्यासाठी तोंड उघडलं होतं, तिच्यावर ओरडायचं कसं? तिने मुकाट्याने दोन जाड पुस्तकं घेतली, त्यात नुसती चित्रंच होती. सासऱ्यांना काय सांगायचं, हेही तिने मनात जुळवून पाहिलं. जुळेना.

बाहेर दोघी पायरीवर बसल्या. सासूबाईंनी बांगड्या कोपराकडे सारून आपला हात तिच्या मांडीवर ठेवला.

"यात आहेत ना तीच हाडं? घे. रोज घे. काम नसेल तेव्हा घे."

ठमीला खांद्यावर सरकवून तिने ते मनगट धरलं. संधिवाताने सुजलेलं, गरम. अंगठा दाबला, बाजूला नेला, पुन्हा दाबला. सगळीकडे नुसती सूज होती. एकाही हाडाची कड हाताला लागेना.

"दुखतंय का?"

"छे! तू दाब. कळतंय का काही?"

"हो," ती म्हणाली. "कळतंय."

आणि दाबत राहिली.