कुलपाचे दोनशे ग्रॅम

मी वजनकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला नव्हे. तो कांदे-बटाटे तोलतो, मी तान्ही बाळं तोलतो. खाली हुकाला कापडी झोळी आणि स्वभाव जरा ताठ. खोटं बोलणं मला जमत नाही.

माझ्या मालकीणबाई म्हणजे गृहभेटीच्या ताई. कुणाकडे बाळ जन्मलं की पहिली दोन वर्षं त्या मला पिशवीत घालून त्या घरी जात-येत राहतात. वजन करतात, आईची विचारपूस करतात, चहा नको म्हणतात आणि पितात. माझा काटा स्थिरावेपर्यंत घरातली मोठी माणसंच श्वास रोखून बसतात.

रंगाऱ्याची छकुली दोन महिन्यांची होती. तीन आठवडे तिचं वजन जागचं हलेना. ताईंचा चेहरा उतरला. चौथ्या आठवड्यात आई म्हणाली, थंडी आहे, दुपट्यासकटच करा. आणि एकदम दोनशे ग्रॅमची वाढ! ताई खूश. मला मात्र खटकत होतं, पण मला विचारतो कोण?

पुढच्या खेपेला ताईंनी छकुलीला उचललं आणि दुपट्यातून कुलूप खणकन फरशीवर पडलं. आईला रडूच फुटलं.

"वजन भरलं नाही तर तुम्ही म्हणाल, हिला पोर सांभाळता येत नाही."

ताई तिच्याशेजारी बसल्या. "अगं, मी काय तुझी परीक्षा घ्यायला येते? खरं वजन कळलं तरच मला मदत करता येईल ना?"

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. आजार नव्हता. छकुली चार घोट पिऊन डुलकी काढायची आणि पोट भरलं समजून आई तिला खाली ठेवायची. तळपायाला गुदगुल्या करून तिला जागं कसं ठेवायचं, ते ताईंनी शिकवलं. आईला झोप मिळावी म्हणून स्वयंपाक रंगाऱ्याच्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी त्यानं भाजी करपवली आणि सगळ्यांनी ती निमूट खाल्ली.

आठवड्यानं मी कुलपाशिवाय एकशे ऐंशी ग्रॅम जास्त दाखवले. आईचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा तोलायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा ती हसली आणि मला जो आनंद झाला, तसा आयुष्यात झाला नव्हता.

काल छकुलीला दोन वर्षं झाली. ताईंची ही शेवटची भेट. झोळीत बसवताच तिनं दोन लाथा झाडल्या, शिवण उसवली आणि बाईसाहेब धूम पळाल्या. मागे आई, तिच्यामागे रंगारी. वजन राहिलंच.

झोळी आता शिवायला दिलीय. ती आली की कदाचित मी तुमच्याही घरी येईन. मला घाबरू नका, माझ्यापासून काही लपवू नका. मला पुरून उरणारी पोरं भेटावीत, एवढीच माझी हौस आहे.