काडीमागं गुळाचा खडा

साठी उलटली तरी बापूरावांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. अक्कल मात्र अजून पुरती उगवायची होती, असं पुढं ते स्वतःच सांगत. वाशीमच्या वेशीबाहेर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. घरात अडकित्ता असताना ते सुपारी दातांनी फोडत आणि सगळं श्रेय कडुलिंबाच्या काडीला देत. मिरच्यांचा भाव विचारायला आलेला माणूसही दातांवरचं कीर्तन ऐकल्याशिवाय सुटत नसे.

नात कस्तुरा सहा वर्षांची झाली, तशी तिच्या दातांची जबाबदारी त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतली. पोरगी काडी तोंडात घालायची, कडू लागली की थुंकून पळायची. चार दिवस बापूराव तिच्यामागं वाफ्यावाफ्यांतून धावले आणि दोनदा चिखलात बसले. पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. काडी नीट चावून दात घासले, चूळ भरली, की हातावर गुळाचा एक खडा.

कस्तुरा त्यांच्या आधी उठायला लागली. घासल्यावर गूळ कायले, असं त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईनं, एकदा विचारलं. बापूरावांनी तिला समजावलं की दात आधीच लख्ख झाले, आता त्यांना गूळ काय करणार? प्रयागबाई चुलीकडं वळली. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण ते शेजारच्या तीन मळ्यांत जाऊन ही युक्ती शिकवून आले.

वर्षभरानं कस्तुरा गाल धरून रडायला लागली. लवंग झाली, ओवा झाला. दुधाचा दात आहे, पडेल आपोआप, असं बापूराव सगळ्यांना सांगत होते. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. पोरीला खांद्यावर घालून ते गावातल्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. हा दुधाचा दात नव्हता. मागं नुकतीच आलेली कायमची दाढ होती, आणि ती आतून पोखरली होती. ती काढावी लागेल आणि परत येणार नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या बाजूची जपली तर वाचेल. बापूरावांना हे पटेना. पोरगी रोज आपल्यासमोर काडी करते, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि पुरावा म्हणून स्वतःचं तोंड उघडलं.

"अन् मंग आबा मले गूळ देते," कस्तुरा सुजल्या गालानं म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला लहानपणी गूळ किती मिळायचा?

"आमाले कुठचा?" बापूराव हसले. "पोळ्याले एक खडा. माय मडकं आढ्याले टांगून ठेवे. लय कंजूस होती."

डॉक्टरांनी त्यांच्या दातांकडं पाहिलं, मग कस्तुराच्या दाढेकडं. बापूरावांचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

दाढ काढताना कस्तुरानं त्यांचा हात घट्ट धरला होता. तिची किंकाळी त्यांच्या काळजात घुसली. त्या क्षणी कोणी मागितले असते तर त्यांनी आपले बत्तीसही दात काढून दिले असते. परतताना ते शेजारच्या तिन्ही मळ्यांत थांबले आणि लेकरांना काडी द्या, पण माझी अक्कल घेऊ नका, असं सांगत गेले. लोक पोट धरून हसले. बापूरावांनी हसू दिलं, कारण हसण्यासारखंच होतं.

आठवड्यानं सूज उतरली. सकाळी कस्तुरानं उरल्या बाजूनं काडी चावली, दात घासले, चूळ भरली आणि सवयीनं हात पुढं केला. बापूरावांनी त्या हातावर काहीच ठेवलं नाही. पोरीनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. गुळाचं मडकं आढ्याला टांगलेलं होतं.

"आबा, तुमी लय कंजूस आहा," ती म्हणाली.

बापूरावांनी जिभेनं आपले दात एकेक करून चाचपले. मायला जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि तिच्या माघारीही तिला कंजूस म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "माह्या मायवानी."