कोठीतला राऊटर

आमचं घर कळंबच्या मोंढ्याला लागून आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली की घरभर नुसती धूळ. म्हणून नवा राऊटर मी ज्वारीच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत ठेवला, वायरीपुरतं भोक पाडलं आणि झाकण घट्ट लावलं. माझ्या अकलेवर मीच खूश!

नेट मात्र शेजारच्या स्वयंपाकघरातसुद्धा पोचेना. नेटवाल्याला मी आठ वेळा फोन करून झापलं, वर महागाचा पॅकही घेतला. माझी बायको यास्मिन म्हणाली, "झाकण काढून तर बघा." मी खेकसलो, "तुला काय कळतंय यातलं? फिजिक्स मी शिकवतो!"

खरंच शिकवतो, सोळा वर्षं, बारावीला. सोमवारी वर्गात माझा आवडता प्रयोग केला. मोबाईल पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. डबा गप्प.

"का वाजला नाही?" मी ऐटीत विचारलं.

पहिल्या बाकावरून माझीच लेक सिमरन उठली.

"सर, आत धूळ जाऊ नये म्हणून."