एका खोलीला चाळीस गाड्या

गवंड्याने आयुष्यभर लोकांची घरं बांधली. आता त्याला स्वतःच्या घरामागे एक खोली हवी होती, तळमजल्यावर. खुबा मोडल्यापासून त्याच्या वडिलांना जिना चढवत नव्हता. चार महिने ते खाली सिमेंटच्या पोत्यांशेजारी खाट टाकून खोकत होते.

नगरपालिकेने परवानगी दिली. सोबत बावीस अटी दिल्या. बायकोने त्या मोठ्याने वाचल्या.

"अहो, चाळीस गाड्यांचा वाहनतळ हवा म्हणे."

"आपल्याकडे सायकल आहे."

"लिफ्ट पण हवी."

"तळमजल्याला?"

"सगळ्या मजल्यांवर थांबणारी."

खात्यात परवानगी नव्याने लिहायची पद्धतच नव्हती. कालच्या फाइलवरचं नाव बदललं की आजची फाइल तयार. काल नाट्यगृहाची होती. हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं; पण चूक कबूल करणं कोणाच्याच टेबलाकडे सोपवलेलं नव्हतं.

दोघांनी अपील केलं. सुनावणीत अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. निदान डोळे तरी मिटलेले होते.

नगररचना अधिकारी म्हणाले, "प्रत्येक अट जागेचा बारकाईने अभ्यास करून घातली आहे."

"मग साहेब, नकाशावर काढून दाखवा ना," बायको म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पट्टी-पेन्सिल घेतली. लिफ्ट बसली, बरोब्बर सासऱ्यांच्या खाटेवर. मग गाड्या. चौथ्या गाडीला नकाशा संपला. पण साहेब जिद्दीचे. पुढच्या त्यांनी टेबलावर काढल्या. सव्विसावी अध्यक्षांच्या वहीत शिरली, तेव्हा अध्यक्ष जागे झाले.

"हे काय चाललंय?"

"वाहनतळ, सर."

अध्यक्षांनी लाल पेन उघडलं. एकेक अट खोडत ते शेवटाकडे आले, तसे अधिकारी काकुळतीला आले. "एक तरी राहू द्या, सर. नाहीतर खात्याने फाइल वाचलीच नाही असं दिसेल."

"कोणती ठेवू?"

अधिकाऱ्यांनी यादी पहिल्यांदाच वाचली. "ही. दारात तिकीटविक्री करू नये."

"मान्य," बायको म्हणाली. "मामंजींना बघायला येतील त्यांना फुकट सोडू. साहेब, तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी गवंड्याने मागच्या अंगणात दोरी लावून पाया आखायला घेतला. आतून म्हातारा ओरडला, "दार रुंद ठेव रे. खाटेसकट जायचंय मला."