पडद्याबाहेरचा गोंगाट

२०१७ सालच्या नोव्हेंबरातली ही हकिगत. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. शिकलेले लोक मला स्टेथोस्कोप म्हणतात, पण नारायण पेठेत मी सगळ्यांची नळीच. "बाईंनी नळी लावून बघितलं का?" असंच लोक विचारायचे. मित्रांनो, मी डॉक्टर मंदाकिनी आगटे यांची जुनी नळी. आयुष्यभर मी फक्त ऐकलं. आज जरा बोलणार आहे, तेव्हा हातातलं ते वाजणारं यंत्र दहा मिनिटं बाजूला ठेवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते दुकानातलं काचेचं कपाट. १९६८ साली बाईंनी दवाखाना उघडला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी, दीनानाथरावांनी, मला तिथून आणलं. माझ्या रबरी नळ्या पुढे चार वेळा बदलल्या, छातीवर टेकवायच्या चकतीचा पडदा दोनदा बदलला. पण कानात घालायच्या पोलादी दांड्या पहिल्या दिवसाच्याच. मला गळ्यात अडकवून बाई वडिलांना म्हणाल्या होत्या, "बाबा, ज्या दिवशी मला हिच्यातून ऐकू येणार नाही, त्या दिवशी हिला खुंटीला लावीन आणि दाराची पाटी उतरवीन." आणि बाई बोलल्या की ते करीत.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर रोग्यांची बाकं, आत बाई, मध्ये नुसता एक हिरवा पडदा. पडद्याशेजारच्या खिडकीत कंपाउंडर दिगंबरपंत औषधाच्या बाटल्या भरत. बाईंनी मला कानात घातलं की त्या डाव्या हाताचं एक बोट वर करीत. ते दिसताच दिगंबरपंत हातातली बाटली हलवायची थांबत आणि बाहेर बघून एवढंच म्हणत, "ऐकणं चाललंय."

मग बाकावरची भांडणंसुद्धा अर्ध्यात थांबत. सासू सुनेला बोलत असेल तर वाक्य तोंडात धरून ठेवी आणि बोट खाली आलं की तिथूनच पुढे चालू करी. क्रिकेटच्या दिवसांत लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत. दिगंबरपंत तो काढून घेऊन कपाटात ठेवत, आणि कपाटात मान घालून स्वतः हळूच स्कोअर ऐकून तो चिठ्ठीवर लिहून बाकावर फिरवत. एकदा कोणी चिडून म्हणालं, "अहो, माझा रेडिओ आहे!" पंत म्हणाले, "रेडिओ आपला, कान बाईंचे. घरी जाताना रेडिओ घेऊन जा."

मुलं तेव्हा रडत नव्हती असं नाही. टाहो फोडायची. पण रडणारं मूल श्वास घ्यायला थांबतं, आणि तेवढ्या फटीत बाई त्याचं हृदय ऐकून घ्यायच्या. रडण्याचा राग आम्ही कधी केला नाही.

दिगंबरपंत गेले. खिडकीत हेमा आली. मुलगी गुणी, पण तिला ते बोट कोणी शिकवलंच नाही. बाकांच्या जागी खुर्च्या आल्या आणि प्रत्येक खुर्चीत एक मोबाईल. आता पंधरा सेकंदांची गाणी, त्यांवर कोणाचं तरी हसणं, शेजारी कोणी लग्नाचा व्हिडिओ बघतंय, पलीकडे कोणी देवाची आरती. कोणाला दुसऱ्याचं ऐकायचं नाही आणि स्वतःचं लपवायचं नाही! माझा जीव मेटाकुटीला येई.

त्या सोमवारी कात्रजच्या गावठाणातल्या सरुबाई आल्या. त्या बाईंच्या तीस वर्षांच्या पेशंट. सोबत सून विजयमाला आणि दोन महिन्यांचा नातू संभाजी.

"बाई, दूध पिताना पोराच्या कपाळाला घाम सुटतोय बघा," सरुबाई म्हणाल्या. "दोन घोट घेतो न् दमतो. समदी म्हणत्यात सर्दी हाय."

बाईंनी मला बाळाच्या छातीवर टेकवलं. त्याच क्षणी पडद्याबाहेर एक मोटार करकचून वळली, भिंतीवर आपटली, फुटली, आणि टाळ्या वाजल्या. बाहेर पाच वर्षांची अन्विता वडिलांच्या मांडीवर बसून टॅबवर गेम खेळत होती. आवाज पुरता मोठा.

बाईंनी बोट वर केलं. कोण बघणार? हेमा फोनवर होती.

बाई उठून पडद्याबाहेर आल्या, मी गळ्यात लोंबत. "अहो, आपल्या मुलीची मोटार मघापासून माझ्या पेशंटच्या छातीवरून जाते आहे," त्या म्हणाल्या. "कुठे पार्क करता आली तर बघा."

बापाने मान वर केली. "मॅडम, लहान आहे ती. काढून घेतला तर रडेल."

"रडू दे. रडण्याचं मी बघून घेईन."

"आजकाल सगळ्या क्लिनिकमध्ये किड्स झोन असतो," तो हसून म्हणाला. "इअरफोन तर ती कानाला लावूच देत नाही. पण करतो कमी, रिलॅक्स."

बाकीचे लोक खाली बघत होते. एकाने तरी तोंड उघडावं! पण ज्याच्या त्याच्या हातात स्वतःचं वाजणारं होतंच. बोलणार कोणत्या तोंडाने?

आवाज मिनिटभर कमी झाला. बाई आत येऊन मला नीट लावेपर्यंत मोटार पुन्हा सुटली. मित्रांनो, मी ते ऐकलं होतं. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक बारीक फुसफुस होती, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. मी ती बाईंच्या कानापर्यंत नेलीही. पण वर टाळ्या, स्फोट आणि "यू विन". बाईंनी डोळे मिटले, मला दोनदा दाबलं, जागा बदलली. पुन्हा बाहेर जाऊन सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. अखेर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर्दीच दिसते. थेंब देते. आठवड्याने आणा."

मला किंचाळता आलं असतं तर मी किंचाळले असते.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. हेमा डबा खायला घरी गेली. बाई मात्र जेवल्या नाहीत. मला हातात घेऊन बसल्या. बाई आता पंचाहत्तरीला आल्या होत्या. काय मनात आहे ते मला कळलं. त्यांची नजर खुंटीकडे गेली होती.

मग त्यांनी मला कानात घातलं आणि चकती स्वतःच्या छातीवर ठेवली. त्या शांततेत त्यांचं म्हातारं हृदय मी जसंच्या तसं ऐकवलं. एक एक ठोका, आणि मधला वयामुळे चुकणारासुद्धा. बाई ताडकन उठल्या. "मला ऐकू येतंय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणजे सकाळी मी काही ऐकलंच नाही. नसलेलं आणि न ऐकलेलं एक नाही!"

त्यांनी वहीतून नंबर काढून सरुबाईंना फोन लावला. "पोराला पुन्हा बसमधून आणू नका. मीच येते."

रिक्षाने आम्ही कात्रजला पोचलो. सरुबाईंच्या दारात शेजाऱ्याचा पाण्याचा पंप धडधडत होता, घरात टीव्ही चालू होता. बाई म्हणाल्या, "सरुबाई, मला पाच मिनिटं आवाज नको. अगदी कसलाच नको."

सरुबाईंनी टीव्हीची पिनच उपटली आणि दारात जाऊन ओरडल्या, "ए गेनबा! पंप बंद कर! आन त्या पोरांना म्हणावं गप बसा, न्हाईतर एकेकाचं कान उपटीन! डॉक्टरीण बाई पोराचं काळीज ऐकत्यात!"

गल्लीच गप्प झाली. पंखा थांबला. बाईंनी चकती तळहातावर घासून ऊबदार केली आणि टेकवली. ठोका. फुसफुस. ठोका. बाईंनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग विजयमालाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, हृदयाच्या पडद्याला भोक असावं. उद्याच मोठ्या इस्पितळात जायचं. घाबरू नकोस, वेळेत सापडलंय. सकाळी माझ्याकडून सुटलं होतं, ते माझं चुकलं."

पंचवीस वर्षांच्या विजयमालाने त्यांचे पाय धरले. मला मात्र सगळा वेळ सकाळची ती मोटार आठवत होती, आणि माझा संताप निवत नव्हता. एक आठवडा, मित्रांनो! त्या खेळापायी एक आठवडा बाळ सर्दीचे थेंब घेत दमत राहिलं असतं.

त्यानंतर कोणाचं काय झालं ते सांगते. संभाजीचं ऑपरेशन पुढच्या वसंतात झालं आणि छान झालं. अन्विताच्या वडिलांना बाईंनी पुढच्या खेपेला घडलेलं सगळं शांतपणे सांगितलं. ते लालबुंद झाले, पुन्हा आले नाहीत, आणि इंटरनेटवर एक तारा देऊन लिहिलं की डॉक्टर मुलांशी प्रेमाने वागत नाहीत. अन्विता तेव्हा पाचच वर्षांची होती. तिला मी दोष देत नाही. आवाज कमी करायचं बटण तिला कोणी दाखवलंच नव्हतं. हेमा ते बोट शिकली आणि बाहेर बघून दरडावायलाही शिकली. आता कसब्यातल्या एका दवाखान्यात ती तेच करते. सरुबाई थकल्या आहेत, पण आवाज तसाच खणखणीत.

बाईंनी २०२१ साली दवाखाना बंद केला. ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे. गुडघ्यांनी जिने नाकारले म्हणून. त्या आता भाचीकडे राहतात. मी त्यांच्या उशाशी असते.

गेल्या वर्षी सरुबाई सहा वर्षांच्या संभाजीला घेऊन पाया पडायला आल्या. पोरगा गुटगुटीत झाला होता. बाईंनी हौसेने मला कानात घातलं आणि चकती त्याच्या छातीवर टेकवली. आणि संभाजीच्या हातातल्या मोबाईलवर, पूर्ण आवाजात, एक मोटार भिंतीवर आपटून फुटली.

सरुबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं मेल्या, बंद कर ते!"

"एकच लेव्हल राहिलीये, आजी!"

मित्रांनो, मी आणखी किती समजावू? खेळा, खुशाल खेळा. पण चार माणसं जिथे बसलेली असतात, तिथे कोणीतरी कोणाचं तरी जिवाचं ऐकत असतं, आणि ते तुम्हाला दिसत नाही. बटण बाजूलाच असतं. ते दाबा. मोठ्यांनो, तुम्ही ते मुलांना दाखवा. आणि आधी स्वतःचं दाबा.

बाईंनी कानातून मला काढलं नाही. संभाजीकडे बघत त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं, आणि लेव्हल संपेपर्यंत वाट बघत बसल्या.