बावखलाचं तीर्थ

वटार गावात सॅन्टनच्या बावखलावर नुसती झुंबड उडाली होती. बागेला पाणी देणारं हे तळं यंदा हिरवं पडून घाण मारू लागलं होतं, आजूबाजूच्या विहिरीही नासल्या होत्या. आणि आता जलनाथबाबा त्यातलंच पाणी बरणीत घेऊन काठीनं ढवळत होते.

“सरकारला नळ देता येईना, आम्ही गंगाच आणली. भजन म्हणा!”

भजन संपेपर्यंत गाळ तळाशी, वर पाणी नितळ. बायांनी घागरी पुढे केल्या.

सॅन्टननंही ओंजळ धरली. घोट घेतला आणि तोंड तुरट झालं. दाढीनंतर हनुवटीवर फिरवायचा खडा ओठाला लागला की लागते, तीच ही चव. म्हणजे काठीच्या टोकाला तुरटी! पण तो गप्प बसला. बोलला असता तर लोकांनी विचारलंच असतं, बावखल नासवलं कुणी? नव्या बिल्डिंगचं गटार त्यानंच त्यात सोडून घेतलं होतं. केळींना फुकट पाणी, वर खत. बाबा त्याच्या पथ्यावरच पडला होता.

महिन्याभरानं शेजारच्या रखमाबाई कुंपणापाशी आल्या. “सॅन्टन, आमच्या सुशीलाला कावीळ झालीय. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून. मी तर सुनेला बाबांचंच पाणी देते. माझ्याच भक्तीत काय खोट असेल का रे?”

सॅन्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याची मुलगी पॉलिन कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. त्या रात्री त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “डॅडी, तुरटीनं गाळ बसतो, रोगाचे जंतू मरत नाहीत. आमच्याकडे सांडपाण्यात हवा खेळवतात, गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, शेवटी क्लोरीन घालतात. एवढं करूनही ते झाडांना आणि यंत्रांनाच देतात, प्यायला नाही. तुम्ही तर गटार सरळ विहिरींच्या उशाशी आणलंत.”

दुसऱ्या दिवशी सॅन्टननं भर गर्दीत दाढीचा खडा काढला आणि बावखलाचंच पाणी भरलेल्या दुसऱ्या बरणीत फिरवला. भजनाविनाच पाणी निवळलं.

“बाबा, हे माझं तीर्थ. घ्या घोटभर.”

“आज आमचा निर्जळी उपास आहे.”

“मग तुमचं स्वतःचं तीर्थ उद्या घ्या. झाकून ठेवतो.”

लोक खो खो हसले. बाबांनी काठी उचलली आणि काढता पाय घेतला. सॅन्टनला मात्र हसू येईना.

“थांबा. या बावखलात गटार मी सोडलंय. बाबाची लबाडी पहिल्याच घोटाला कळली होती मला. स्वतःचं झाकायला गप्प बसलो.”

रखमाबाईंनी कडेवरची घागर त्याच्या पायाशी रिकामी केली.

“काकी, तुमच्या भक्तीत खोट नव्हती, माझ्यात होती,” तो मान खाली घालून म्हणाला. “गटार आज बुजवतो. पाणी उकळून प्या. नितळ दिसतं म्हणून भुलू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, घाण आली कुठून. मला कुणीच विचारलं नाही.”

मग त्यानं फावडं घेतलं.